६५ किमी, ३२०० मीटर चढ, १६ तासांची मुदत: पेस ठरवायचा तरी कसा?

सपाटपाय

नमस्कार मंडळी. वय ४४. रस्त्यावरच्या चार मॅरेथॉन झाल्यात, त्यातली सगळ्यात बरी ४ तास ६ मिनिटांची. आता डोंगरातल्या ६५ किमीला नाव नोंदवून बसलोय. एकूण चढ ३२०० मीटर आणि उतारही तेवढाच, कारण जिथून सुटायचं तिथेच परत यायचंय. मुदत १६ तास, सुरुवात पहाटे ५ ला. हातात १४ आठवडे आहेत.

अडचण अशी की मी राहतो तिथे चढ म्हणजे उड्डाणपूल. त्याशिवाय आमची ११ मजली इमारत. खरा डोंगर पंधरवड्यातून एकदा गाठता येईल, त्याहून जास्त नाही.

मागच्या वर्षी डोंगरातली ३० किमीची शर्यत केली होती. पहिला चढ मी अख्खा धावत काढला, चालणाऱ्यांना ओलांडत आणि मनातल्या मनात त्यांची थोडी कीव करत. २२ व्या किमीनंतर लांबलचक उतार लागला आणि मांड्यांनी संप पुकारला. मग तेच चालणारे एकेक करून मला मागे टाकून गेले. एका बाईंनी तर जाता जाता विचारलं, "पाणी हवंय का?" त्यानंतर तीन दिवस मी घरचा जिना उलटा, कठड्याला धरून उतरत होतो.

आता प्रश्न. प्रति किमी १४ मिनिटांचा पेस धरला तर १५ तास १० मिनिटांत संपतं, हे बरोबर आहे का? सरावात सगळ्यात लांब धाव किती हवी? काठ्या घ्याव्यात का? आणि छातीला पट्टा बांधून हृदयाच्या ठोक्यांवर पळणं डोंगरात चालतं का?

पुढची_फळी

साधं आहे हो. पाय ताजे असताना वेळ कमावून ठेवायचा. पहिल्या २५ किमीत तासभर शिल्लक टाकली की नंतर चाललात तरी पोचता. पट्टा जरूर बांधा, कमाल ठोक्यांच्या ८० टक्क्यांखाली राहा, बाकी विचार करू नका. आणि सरावात ५० किमीची एक तरी धाव हवीच, नाहीतर मनाची खात्री पटत नाही.

शेपटी

सपाटपाय, मी शर्यतीत सगळ्यांच्या शेवटी चालणारी बाई आहे. ते माझं कामच आहे. शेवटच्या माणसाच्या मागे राहायचं, खुणेच्या फिती सोडवत यायचं आणि ज्यांचं संपलंय त्यांना पुढच्या चेकपॉइंटपर्यंत आणून सोडायचं. सहा वर्षं करतेय. त्याआधी स्वतः पळत होते आणि दोन शर्यती अर्ध्यात सोडल्यात. त्यामुळे मी सांगेन ते मागून दिसलेलं आहे.

मागून काय दिसतं, तर सकाळी पहिले दोन तास जे माझ्या आसपास असतात, गप्पा मारत चढतात, मध्येच थांबून बुटात गेलेला खडा काढतात, ते बहुतेक पोचतात. दुपारी मी ज्यांच्या खांद्याखाली हात घालून त्यांना तंबूत नेते, ते सकाळी मला दिसलेलेच नसतात. ते तेव्हा खूप पुढे असतात, वेळ कमावत. पुढची_फळी, राग मानू नका, पण डोंगरात वेळेची बँक नसते. सकाळी जमा केलेली २० मिनिटं दुपारी दोन तासांचं कर्ज होऊन परत येतात.

ते १४ मिनिटांचं आधी विसरा. एका किलोमीटरला तुम्हाला अर्धा तास लागेल, दुसऱ्याला आठ मिनिटं. बरोबर १४ मिनिटांचा किलोमीटर त्या अख्ख्या वाटेवर क्वचितच भेटेल. त्यापेक्षा दर १०० मीटर चढाला एक किलोमीटर वाढवून धरा. आयटीआरए, म्हणजे ट्रेल रनिंगची आंतरराष्ट्रीय संघटना, शर्यतींचं वजन याच हिशोबाने मोजते. तुमचे ६५ अधिक ३२, म्हणजे झाले ९७. १६ तासांत ९७ म्हणजे ताशी सहाच्या किंचित वर.

डोंगरात चालणाऱ्यांचा जुना हिशोब याहून कडक आहे. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली तो मांडला: ५ किमीला एक तास, आणि वर दर ६०० मीटर चढाला आणखी एक. त्याने तुमचे १८ तास २० मिनिटं होतात. म्हणजे नुसतं चालून तुम्ही मुदतीत पोचत नाही, कुठेतरी धावावं लागणारच. कुठे, हे ठरवणं म्हणजेच तुमचा पेस. ते प्रत्येक टप्प्याचे चढ-उतार पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. चेकपॉइंट कुठे कुठे आहेत?

सपाटपाय

शेपटीताई, एवढं सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. नकाशावरून काढलेलं असं आहे. पहिला चेकपॉइंट १२ किमीवर, तिथवर चढ ८५० आणि उतार २५० मीटर. दुसरा २४ वर, चढ ४५०, उतार ९००. तिसरा ३८ वर, चढ १०००, उतार ६००. चौथा ५१ वर, चढ फक्त ३०० आणि उतार १०००. शेवटचे १४ किमी, त्यात चढ ६००, उतार ४५०.

शेपटी

तुमची शर्यत ३८ ते ५१ मध्ये आहे. मागच्या वर्षी ज्याने तुम्हाला जिना उलटा उतरायला लावला, तोच उतार, फक्त या वेळी ३८ किमी पायात असताना. बाकी सगळी आखणी त्या हजार मीटरसाठी मांड्या शाबूत राहाव्यात म्हणून करायची.

बेरीज करू. टप्प्यांचं वजन येतं साडेवीस, साडेसोळा, चोवीस, सोळा आणि वीस. पहिल्या दोन टप्प्यांत दर वजनी किलोमीटरला साडेआठ मिनिटं धरा, तिसऱ्यात ९, चौथ्यात साडेनऊ, शेवटी १०. तुम्ही मंदावणार आहात हे कागदावरच मान्य करून टाकायचं, म्हणजे वाटेत धक्का बसत नाही. प्रत्येक चेकपॉइंटवर पाच मिनिटं दिली, तर पहिला गाठाल २ तास ५४ मिनिटांनी, दुसरा ५:१९ ला, तिसरा ९:०० ला, चौथा ११:३७ ला आणि शेवट १५:०२. हातात ५८ मिनिटं उरतात. ती आधी खर्च करायची नाहीत, ती पोटाच्या आणि पावसाच्या नावाने ठेवायची.

त्या पाच मिनिटांबद्दल मी हट्टी आहे. चेकपॉइंटवर खुर्ची असते. खुर्चीत बसलेला माणूस "पाचच मिनिटं" म्हणतो आणि पंधरा मिनिटांनी मी मागून येते तेव्हा तिथेच असतो, फक्त आता त्याला थंडी वाजत असते. पोचायच्या आधीच ठरवा: पाणी भरायचं, दोन गोष्टी खिशात टाकायच्या, चालू पडायचं. खायचं ते चालता चालता.

आता पट्टा. पहिल्या तासात तो उपयोगी आहे, कारण गर्दीच्या नादात माणूस वेडा होतो. नंतर तो फसवतो, कारण ऊन वाढलं, अंगातलं पाणी घटलं की त्याच कष्टाला ठोके आपोआप वाढत जातात. पण माझी खरी तक्रार उताराबद्दल आहे. मिनेट्टी आणि सहकाऱ्यांनी २००२ साली वेगवेगळ्या उतरणींवर माणसं पळवून ऊर्जेचा खर्च मोजला. सगळ्यात स्वस्त धावणं निघालं साधारण २० टक्के उतारावर. म्हणजे पट्टा उतारावर म्हणणार, ठोके कमी आहेत, सोडा गाडी. आणि नेमकी तेव्हाच मांडी झिजत असते. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच वजन पेलतो, ब्रेकचं काम करतो, आणि त्यात त्याचे बारीक तंतू तुटतात. चढाने लागलेली धाप पाच मिनिटं सावकाश चाललं की बसते. तुटलेले तंतू त्या दिवशी परत येत नाहीत. ऑक्सिजनच्या हिशोबात उतार स्वस्त आहे, मांडीच्या हिशोबात तो सगळ्यात महाग. पट्ट्याला मांडी दिसत नाही.

तेव्हा चढावर मोजमाप तोंडाचं ठेवा: पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांवर धाप लागली की चाला. खड्या चढणीवर त्याच वेगाने धावण्यापेक्षा चालणं स्वस्तच पडतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. उतारावर मोजमाप आवाजाचं. पावलं धपधप वाजायला लागली की तुम्ही ब्रेक मारताय. पाऊल आखूड करा, लवकर उचला, टाच पुढे फेकू नका.

पुढची_फळी

ताई, हे मुदतीत पोचणाऱ्यांचं झालं. जिंकणारे सगळे पुढेच असतात की.

शेपटी

असतात. जिम वॉल्म्स्ली या अमेरिकन धावपटूचंच घ्या. यूटीएमबी, म्हणजे मॉं ब्लां डोंगराला फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंडमधून घातलेली प्रदक्षिणा, १७० किमी आणि १० हजार मीटरच्या आसपास चढ. २०२२ साली तो मधल्या टप्प्यात सगळ्यांच्या पुढे होता, आणि संपवली चौथा. जिंकला कीलियन जॉर्नेट, २० तासांच्या आत येणारा पहिला माणूस. पुढच्या वर्षी वॉल्म्स्ली जिंकला, तोही जॉर्नेटच्या वेळेपेक्षा लवकर. पाय तेच होते. एवढ्या ताकदीच्या माणसाला जे परवडलं नाही ते आपल्याला परवडेल असं मला वाटत नाही, एवढंच.

पुढची_फळी

मान्य. आता लपवत नाही, माझ्या मागच्या दोन शर्यती पूर्ण झालेल्या नाहीत. दोन्ही वेळा तिसाव्या किमीच्या आसपास पहिल्या पन्नास जणांत होतो.

तंबूतला

मी शेपटीताईंच्या दुसऱ्या टोकाला, वैद्यकीय तंबूत असतो. पेसचं मला विशेष कळत नाही. मला तीन गोष्टी सांगायच्यात आणि तिन्ही पुन्हा पुन्हा सांगून कंटाळलोय.

पाणी. तहान लागेल तसं प्या, घड्याळ लावून ढोसू नका. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ जणांचं रक्त शेवटी तपासलं, तर १३ टक्के लोकांमध्ये सोडियम नेहमीपेक्षा खाली गेलेलं होतं. ज्यांचं वजन धावताना वाढलं, म्हणजे घामाने गेलं त्यापेक्षा जास्त पाणी पोटात गेलं, आणि ज्यांना चार तासांहून जास्त लागले, त्यांना धोका अधिक होता. तुम्ही १५ तास बाहेर असणार. बोटं सुजली, घड्याळाचा पट्टा घट्ट वाटायला लागला, मळमळ आणि डोकं जड, अशा वेळी आणखी पाणी पिऊ नका. आमच्याकडे या.

गोळ्या. गुडघा दुखतो म्हणून आयब्युप्रोफेन खिशात ठेवतात. ठेवू नका. अंगातलं पाणी कमी असताना ही गोळी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी घटवते. ८० किमीच्या टप्प्यात धावणाऱ्यांवर केलेला एक अभ्यास २०१७ साली आला, त्यात मूत्रपिंडाला इजा गोळी घेणाऱ्यांमध्येच जास्त दिसली.

जॅकेट. २२ मे २०२१ ला चीनच्या गान्सू प्रांतात १०० किमीच्या डोंगरी शर्यतीत हवा अचानक फिरली. गारा, बर्फगार पाऊस, वादळी वारा. २१ धावपटू थंडीने गारठून मरण पावले, त्यात देशातले नावाजलेले लोकही होते. वारा अडवणारं जॅकेट सक्तीच्या यादीत नव्हतं. तुमच्या यादीत असो नसो, पिशवीत असू द्या. दमलेला माणूस स्वतःची ऊब तयार करू शकत नाही, हे आम्ही उन्हाळ्यातही बघतो.

सपाटपाय

सहा आठवडे झाले. हजेरी लावतो.

इमारतीत आता मी चर्चेचा विषय आहे. शेपटीताईंचं उताराचं वाचून मी एक शक्कल काढली: मंगळवारी लिफ्टने वर जायचं आणि जिन्याने उतरायचं. पंचवीस वेळा. मजल्याला तीन मीटर धरले तरी साडेसातशे-आठशे मीटर उतार होतो. चौथ्या मजल्यावरच्या आजोबांनी दार उघडून विचारलं, "वर जायला लिफ्ट चालू आहे, मग खाली यायला बंद आहे का?" काय सांगणार! पहिल्या मंगळवारनंतर दोन दिवस खुर्चीवरून उठता येत नव्हतं. चौथ्या मंगळवारनंतर काही म्हणजे काही झालं नाही. याला काही शास्त्र आहे, की मी कल्पना करतोय?

गुरुवारी उलट, चढून जायचं आणि लिफ्टने यायचं. शनिवार-रविवार पाठोपाठ लांब, आणि पंधरवड्याला डोंगर. आतापर्यंत सगळ्यात जास्त म्हणजे साडेचार तास.

नवी अडचण पोटाची. दर अर्ध्या तासाला जेल, म्हणजे पाकिटातला साखरेचा घट्ट पाक, घेतो. तीन तासांनंतर जेलचं पाकीट नुसतं बघितलं तरी ढवळून येतं.

शेपटी

कल्पना नाही, शास्त्रच आहे. उताराचा एक मार खाल्ला की स्नायू पुढच्या मारासाठी तयार होतो आणि हे कवच काही आठवडे टिकतं. म्हणून शेवटचा मोठा उतार शर्यतीच्या साधारण दोन आठवडे आधी करा, मग थांबा. शेवटच्या आठवड्यात जिन्याला हात लावू नका, आजोबांनाही विश्रांती मिळेल. एवढं मात्र लक्षात असू द्या की जिना गुळगुळीत आणि एकसारखा असतो. दगडावर प्रत्येक पाऊल वेगळं पडतं, घोट्याला आणि डोळ्यांना त्याची सवय डोंगरातच होते. पंधरवड्याची ती फेरी चुकवू नका, अंतर कमी झालं तरी चालेल.

लांब धाव किलोमीटरने मोजू नका, तासांनी मोजा. सहा तासांवर मी कोणाला पाठवत नाही. ५० किमीच्या सरावधावेने मनाची खात्री पटते हे खरं, पण पुढचे दोन आठवडे पाय कामाला येत नाहीत. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, इथे तर गुडघाच शिल्लक लागतो. शनिवारी पाच तास आणि रविवारी त्याच जड पायांनी अडीच तास, हे तुम्हाला ५१ व्या किमीची चव दाखवेल.

पोटाचं. आतड्यालाही सराव लागतो, पायासारखाच. नुसतं ग्लुकोज तासाला ६० ग्रॅमच्या आसपास शोषलं जातं. फ्रुक्टोज जोडीला असेल तर ते वेगळ्या दाराने आत जातं आणि आकडा ९० पर्यंत नेता येतो. पण मंद पळणाऱ्याने ९० च्या मागे लागू नये असं माझं मत. ५० ते ६० मध्ये सुरू करा आणि शनिवारच्या लांब धावेत तेच, त्याच वेळापत्रकाने खा. चढावर जोरात धाप लागलेली असताना गिळू नका. रक्त पायात असतं, पोट रिकाम्या कचेरीसारखं पडलेलं असतं, अर्ज घ्यायला कोणी नाही. चढाच्या माथ्यावर, श्वास बसला की खा. आणि गोडाचा वीट येणारच, तो प्रत्येकाला येतो, म्हणून काहीतरी खारट आणि चावायचं जवळ ठेवा. मी उकडलेले बटाटे मीठ लावून नेते.

काठ्यांचं राहिलं. घ्या. हजार मीटरच्या चढावर पायांचं थोडं ओझं हात उचलतात आणि उतारावर तोल सावरतो. मात्र आधी शर्यतीचे नियम वाचा, काही ठिकाणी बंदी असते. आणि पहिल्यांदा शर्यतीतच उघडू नका, मागच्याच्या डोळ्याला धोका.

सपाटपाय

झाली शर्यत. १५ तास ३३ मिनिटं. मुदतीआधी २७ मिनिटं.

पहिल्या १२ किमीला ३:०५ लागले, कागदापेक्षा ११ मिनिटं जास्त, आणि तिथे माझी तंतरली. अरुंद वाटेवर रांग लागली होती. मागे वळून पाहिलं तर फिती सोडवणारे दोघं वळणावर दिसत होते. पुढचा चढ धावत घ्यावा असं फार वाटलं. मग समोरच्या माणसाशी मुद्दाम गप्पा सुरू केल्या, कारण बोलताना धावता येत नाही. ते बोलणं त्याच्या घराला दिलेल्या रंगाबद्दल होतं. दुसऱ्या चेकपॉइंटला ५:२६. म्हणजे ११ ची सात मिनिटं झाली होती, काहीही न करता.

तिसरा टप्पा वाईट गेला. तिसाव्या किमीला मळमळ सुरू झाली, दुपारच्या उन्हात, हजार मीटरच्या चढाच्या मध्यावर. जेल घशाखाली जाईना. तंबूतल्यांचं आठवून बोटं तपासली, सुजलेली नव्हती. वेग अगदी मोडून पाऊण तास नुसता चालत राहिलो, माथ्यावर बसकण न मारता उभ्याने दोन बटाटे खाल्ले आणि वीस मिनिटांनी माणसात आलो. ३८ ला ९:२५. शिलकीतली आणखी १८ मिनिटं पोटाच्या नावाने खर्च झाली, ताईंनी ठेवली होती तशीच.

मग तो उतार. पहिले दोन किमी मी इतका घाबरत उतरलो की पावलांचा आवाज ऐकायला श्वास धरत होतो. नंतर कळलं की पाय चाललेत. दुखत होते, पण ऐकत होते. काठ्यांबद्दल मात्र ताईंशी माझं जमत नाही. चढावर सोनं, पण दगडी उतारावर त्या माझ्याच पायांत येत होत्या. घडी करून पाठीला लावल्या तेव्हा बरं वाटलं.

त्या उतारावर एक जण वाटेच्या कडेने उलटा उतरत होता. हाताने झाडं धरत, एकेक पाऊल मागे टाकत. सकाळी पहिल्या चढावर तो मला धावत ओलांडून गेला होता, पिवळी टोपी म्हणून लक्षात राहिला. मी विचारलं, "पाणी हवंय का?"

५१ ला १२:०८. शेवटच्या १४ किमीला ३ तास २५ मिनिटं, ताईंच्या कागदावर लिहिली होती नेमकी तितकीच. अंधार पडला, हेडलॅम्प लावला, चढावर मी सतरा-अठरा जणांना गाठलं असेन. त्यातला एकही मी धावत गाठलेला नाही.

आज तिसरा दिवस. जिना सरळ उतरलो. फक्त डाव्या अंगठ्याचं नख पूर्ण काळं झालंय आणि खालून ठणकतंय. हे काढून टाकायचं का?

तंबूतला

ओढून काढू नका. दाब असह्य झाला तर डॉक्टरकडे जा, ते निर्जंतुक सुईने छिद्र पाडून रक्त मोकळं करतील. नाहीतर ठेवा, खाली नवीन आलं की आपोआप पडेल. आणि पुढच्या वेळी बूट अर्धा नंबर मोठा.

शेपटी

आणि नाड्या उताराआधी वरच्या दोन भोकांतून आवळून बांधा, पाय पुढे घसरत नाही. पिवळ्या टोपीला मीच आणलं तंबूत. बरा आहे, पुढच्या वर्षीचा अर्ज कधी निघतो ते विचारत होता.

पुढची_फळी

पिवळी टोपी माझी.